केसात कापूस नसलेली पोरं

खाकी उतरवून वर्षं लोटली, पण ती घटना आजही आठवते आणि मन उठून भिवंडीला जातं.

ऐंशीच्या दशकाची अखेर. भिवंडीतल्या नारपोलीत लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट असा, की आरोपी दुपारी कबुली द्यायचा आणि ती मला रात्री घरी ऐकू यायची!

एका मंगळवारी जवळच्या टेमघरचा एक बाप धापा टाकत पोलीस ठाण्यात आला. "सायेब, शाळेतून पोरं टेम्पोत भरून नेली! माजी पोरगी हाय त्यात!"

अपहरण! बापाला जीपमध्ये घेतलं आणि ती अशी हाणली, की वाटेतल्या कोंबड्यांनी महिनाभर अंडं दिलं नसेल. खबऱ्याच्या सांगण्यावरून टेम्पो सापडला, तो नारपोलीतल्या एका शाळेसमोर. शाळेत सातवीचा वर्ग गच्च भरलेला. नारपोलीच्या पोरांच्या भुवयांतसुद्धा कापूस असतो. ही पोरं मात्र तेल लावून चकाचक.

पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "नाव काय गं?"

"आजचं का घरचं?"

तपास तिथंच लागला. हेडबाईंना बाहेर बोलावलं. "बाई, हा गुन्हा आहे."

"घाला बेड्या," बाई म्हणाल्या. "तासाभरात शाळेची तपासणी आहे. पट कमी दिसला तर सातवी बंद. पुढची शाळा हायवेपलीकडे, तिथं मुलींना कोण पाठवतंय? शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा माझा वर्ग भरतो. आणि हे साहेब येणार मंगळवारी! म्हणून टेमघरच्या मास्तरांकडून पोरं मागून आणली."

"तुमची कुठं आहेत?"

"लूमसाठी कांड्यांवर सूत भरतायत. कोपऱ्यावरच्या कारखान्यात."

टेमघरची पोरं त्या बापासोबत परत धाडली आणि मी हवालदाराला घेऊन कारखान्यात शिरलो.

"साब, बच्चों ने क्या किया?" मालक ओरडला.

"बच्चों ने कुछ नहीं किया," हवालदार म्हणाला. "काम पे किसने रखा, वो बता!"

मालकाने स्वतःच्या हाताने लूम बंद केले. उसवलेल्या गाद्यांसारखी पोरं वर्गात येऊन बसली. तपासणीचे साहेब आले. हजेरी सुरू झाली. एक मुलगी लूममध्ये कमावलेल्या आवाजात ओरडली, "हजर, बाई!" साहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. पाढ्यात ती अडखळली, पण सातवी टिकली.

डायरीत लिहिलं : मुले सुखरूप मिळाली. कुठली, ते लिहिलं नाही. टेमघरच्या पोरांसाठी एक बाप धावत आला होता. खरी हरवलेली पोरं कोपऱ्यावरच होती आणि त्यांची तक्रार द्यायला कुणीच आलं नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही गावात बदली झाली, की आधी शाळेचे रिकामे बाक पाहायचो.

आता बाई नाहीत. माझ्या घराभोवती इतकी शांतता, की मुंगी खोकली तरी कळतं. तरी सकाळी शाळेच्या वेळेला कान नारपोलीकडे लागतात. तो "हजर, बाई!" पुन्हा ऐकू येणार असेल, तर हे दुखरे गुडघे घेऊन मी भिवंडीपर्यंत पायी जाईन.