शटरवाल्याचा पलंग

कसबा पेठेत मेहबूबचं नाव निघालं की लोक हसून करंगळी वर करायचे. त्याला कारण होतं. दुकानाला नवं शटर बसवून झालं की मेहबूब मालकाला जवळ बोलवायचा, स्वतःची करंगळी शटरच्या खालच्या पट्टीत अडकवायचा आणि पत्र्याचं एवढं मोठं धूड त्या बोटावर अलगद वर न्यायचा. मग निम्म्या वाटेत बोट काढून घ्यायचा. शटर होतं तिथेच थांबायचं, वर नाही की खाली नाही. "खांदा लावून उचलावं लागतं ते शटर नव्हे साहेब, शिक्षा," असं म्हणून तो हात पुसायचा.

त्याची सगळी विद्या एवढीच होती. शटरच्या वजनाप्रमाणे वरच्या स्प्रिंगला पीळ द्यायचा. वजन आणि पीळ यांचा मेळ बसला की लोखंड कापसासारखं होतं. ही विद्या त्याला ज्या उस्तादाने दिली, त्याने आणखी एक गोष्ट शिकवली होती : कच्चं लोखंड दुकानाबाहेर जाता कामा नये. कानस, पुट्टी, लाल प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात, आणि मगच माल बाहेर. गिऱ्हाईक दारात ओरडत उभं राहिलं तरी मेहबूब पहिला हात वाळेपर्यंत दुसरा मारत नसे. त्यामुळे त्याचं काम उशिरा मिळायचं आणि जन्मभर टिकायचं.

दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं आणि घर समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर. भाकऱ्या झाल्या की त्याची बायको मदिनाबी खिडकीच्या गजावर उलथनं दोनदा आपटायची. ग्राइंडर चालू असो, तांबटांची ठोक चालू असो, तो आवाज मेहबूबला बरोबर ऐकू यायचा. "आलो!" तो खालूनच ओरडायचा. शेजारच्या गाळ्यात सोफ्यांची कुशनं शिवणारा रतन न चुकता म्हणायचा, "जा बाबा, घंटा झाली. उशीर केलास तर छड्या खाशील."

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी मदिनाबी बादली घेऊन जिना उतरताना घसरली. मणक्याला मार लागला. ऑपरेशन झालं. कमरेखालचं अंग गेलं ते मात्र परत आलं नाही. हात चांगले होते, जीभ तर फारच चांगली होती, पण पाय तिचे राहिले नाहीत. घरी सोडताना दवाखान्यात तिचं वजन केलं. अडुसष्ट किलो. औषधाचे डोस त्यावरून ठरणार होते म्हणून मेहबूबने तो आकडा नीट लक्षात ठेवला.

घरी आल्यावर कळलं की खरी अडचण चालण्याची नव्हतीच. बसता येत नव्हतं. पाठीशी उशा रचल्या की ती हळूहळू घसरत खाली यायची. मुलगी नाजिमा नाहीतर मेहबूब भरवायचा, आणि जेवण आडव्यानेच व्हायचं. डाळ गालावरून मानेत उतरायची, ठसका लागायचा. एका दुपारी मेहबूब घास भरवत असताना तिने तोंड भिंतीकडे केलं.

"काय झालं? तिखट आहे?"

"अहो, नाजिमा उठवते तेव्हा खांदे धरते. तुम्ही उठवता तेव्हा बगलेत हात घालता. दिवसभर कुणी ना कुणी मला धरलेलंच. मला कुणाचा हात नको. टेकायला एक पाठ द्या. माझी मी बसेन आणि माझी मी आडवी होईन."

त्याने दवाखान्यातल्यासारखा पलंग भाड्याने आणला. तो जिन्याच्या वळणावर अडकला तो अडकलाच. बरोबर आलेला माणूस म्हणाला, "चाचा, पलंग वर न्यायचा तर जिना पाडावा लागेल." शिवाय त्या पलंगाचा दांडा पायथ्याशी होता. म्हणजे बसायचं झालं तर दांडा फिरवायला पुन्हा कुणीतरी लागणारच. पलंग आला तसा परत गेला.

त्या संध्याकाळी मेहबूबने दुकानाच्या फरशीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली. पलंग तीन तुकड्यांचा करायचा : पाठ, बैठक, पाय. नटबोल्ट काढले की एकेक तुकडा जिन्यातून वर जाईल. दिवसा पायांचा भाग खाली मुडपला की खुर्ची होईल आणि नाजिमाला स्वयंपाकघरात जायला वाट राहील. रात्री उघडला की पलंग. आणि पाठीच्या भागाखाली शटरच्या दोन स्प्रिंगा. उजव्या हाताशी एक खटका. खटका ओढायचा, बाजूचे दांडे धरून अंग थोडं पुढे घेतलं की पाठ वर येईल, मागे रेललं की खाली जाईल, खटका सोडला की होती तिथे थांबेल. एका करंगळीचं काम. हे सुचलं तेव्हा तो फरशीवर उकिडवा बसून एकटाच हसला. मग भिंतीवर खडूने मोठा आकडा लिहिला : ६८.

नाजिमा कोथरूडला एका क्लासमध्ये शिकवायची. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर ती आईचं सगळं करायची. मधल्या वेळी रतनची बायको हिरा येऊन बसायची. कूस बदलायची, पुसायचं, कपडे बदलायचे, हे दोघी आपापल्या वेळी चादरीला धरून करायच्या आणि त्या वेळी मदिनाबी नवऱ्याला खोलीबाहेर काढायची. "तुम्ही जा. दुकान बघा." मेहबूब खाली यायचा आणि पलंगाला लागायचा.

गिऱ्हाइकांची कामं मागे पडली. पलंग मात्र पुढे सरकत होता. वजनाची चाचणी घ्यायला त्याने वाळूची पोती भरली आणि पाठीवर ठेवून पीळ जमवू लागला.

"भाभींच्या जागी वाळूचं पोतं ठेवलंयस, हे सांगू का त्यांना वर जाऊन?" रतनने विचारलं.

"सांग. म्हणावं, पोतं तरी गप्प बसतं."

हे वर पोचलं आणि मदिनाबी त्या दिवशी पुष्कळ हसली, असं हिराने येऊन सांगितलं.

थंडी आली. बिजागरी कुरकुरत होती म्हणून त्याने ती काढून नवी बसवली. खटका कडक लागत होता, तो घासून हलका केला. कडा बोटाला लागू नयेत म्हणून एकेक कोपरा कानशीने गोल केला. रतन म्हणाला, "अरे, पलंग करतोयस की सिंहासन? बास आता. गादी मी केव्हाच शिवून ठेवलीय."

"प्रायमर राहिलाय."

मदिनाबीने वरून निरोप पाठवला, मग स्वतःच सांगितलं. "रंग नका लावू. आहे तसा आणा."

"कच्चं लोखंड घरात? गंजेल."

"मी काय कमी गंजलेय?"

तो हसला आणि खाली जाऊन त्याने पुट्टी कालवली. तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. पडून राहणाऱ्याला होतात त्या. हवेची गादी आणली होती, मलमपट्टी करायला बाई येत होती. मध्ये ताप येऊन गेला, पुन्हा आला. एकदा जिन्यात नाजिमाने त्याला थांबवलं. "अब्बा, अम्मी फार उतरलीय."

"पडून राहिलं की माणूस उतरतंच," मेहबूब म्हणाला. "एकदा बसायला लागू दे. नीट जेवली की भरून निघेल." भिंतीवरचा आकडा रोज डोळ्यांसमोर होता. तो बदलावा असं काही त्याच्या मनात आलं नाही. मदिनाबीचा चेहरा आधीपासूनच लहानखुरा होता आणि बाकीची ती गोधडीखाली असायची.

रंग त्याने खिडकीच्या गजांचा घेतला, हिरवा. पहिला हात वाळायला हवेतल्या गारठ्यामुळे वेळ लागला. दुसऱ्या हातावर धूळ बसली, म्हणून तो घासून पुन्हा मारला.

शेवटी एका शुक्रवारी, नमाज झाल्यावर, पलंग वर गेला. तीन तुकडे तीन फेऱ्यांत. रतन गादी डोक्यावर घेऊन मागून आला. जोडणी झाली. चौघांनी चादर धरून मदिनाबीला त्यावर ठेवलं. मेहबूबने तिचा हात खटक्यावर नेला आणि आपला काढून घेतला.

"ओढ."

तिने ओढला. पाठ वर आली, त्याने ठरवलं होतं त्याहून जरा घाईनेच, आणि मदिनाबी बसली. कुणीही न धरता. खिडकी तिच्या अगदी डाव्या हाताशी आली. तिने गल्लीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "त्या चहावाल्याने छत बदललं वाटतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाजिमा, उलथनं दे."

तिने गजावर दोनदा उलथनं आपटलं. रतन म्हणाला, "घंटा झाली!" आणि सगळे हसले. हिराने पदर डोळ्यांना लावला.

"आता आडवी होऊन दाखवते," मदिनाबी म्हणाली. तिने खटका ओढून अंग मागे टाकलं. पाठ हलली नाही. तिने पुन्हा जोर केला, मान मागे नेली, दोन्ही कोपरं रोवली. पाठ तशीच.

"अहो, जात नाही हे मागे."

मेहबूबला वाटलं बिजागरी अडकली. त्याने तेल घातलं. मग तिला खटका ओढून धरायला सांगून पाठीच्या वरच्या दांड्यावर तळहात ठेवून दाबलं. पाठ सहज खाली गेली, लोण्यासारखी. कुठेही अडकलं नव्हतं. त्याने हात काढला. पाठ मदिनाबीला घेऊन हळूहळू परत वर आली.

चाळीस वर्षांत त्याने हजारो शटरांवर असा हात ठेवला होता. पीळ वजनापेक्षा जास्त झाला की लोखंड हाताला कसं लागतं, ते त्याला विचारायला लागत नसे. शटरचं वजन कधी बदलत नाही. बसवलं त्या दिवशी जेवढं, गंजून भंगारात जाईल त्या दिवशी जवळजवळ तेवढंच. त्याने पलंग केला होता तो अडुसष्ट किलोंच्या बाईसाठी, आणि ती बाई आता या खोलीत नव्हती.

रतनच्या ते लक्षात आलं असावं. तो हिराला म्हणाला, "चल, दुकान उघडं टाकून आलोय."

"काय झालं?" मदिनाबीने विचारलं.

"काही नाही. पीळ थोडा जास्त झालाय. कमी करतो."

"शटरवाल्याबरोबर संसार केलाय मी," ती म्हणाली. "पीळ जास्त झाला म्हणजे वजन कमी झालं. सरळ बोला की."

त्याने पलंगाखाली शिरून स्प्रिंगा सैल केल्या. त्यानंतरचे काही दिवस पलंगाने दिलेला शब्द पाळला. मदिनाबी आपली आपण बसायची, आपल्या हाताने जेवायची, केस विंचरायची, जेवणाची वेळ झाली की गजावर उलथनं आपटायची. मेहबूब खालून "आलो!" ओरडायचा. मग एका सकाळी पाठ पुन्हा मागे जाईना. त्याने पुन्हा सैल केली. काही दिवसांनी पुन्हा.

पलंगाखाली उताणं पडून पाना फिरवताना वरून तिचा आवाज यायचा, "आज किती उतरले मी?"

"तेल घालतोय गं."

"बराच तेलकट झाला असेल एव्हाना."

तो पाना फिरवत राहायचा. तोंडापाशीच पलंगाची हिरवी कड असायची, आरशासारखी गुळगुळीत. ती बघितली की त्याला ते सगळे दिवस आठवायचे. पुट्टीचे, प्रायमरचे, वाळण्याचे, धूळ बसली म्हणून घासण्याचे. कच्च्या लोखंडाचा पलंग थंडीतच वर आला असता. गंजला असता तर गंजला असता. ती त्यावर बसली असती, जखमा कदाचित एवढ्या झाल्या नसत्या, कदाचित झाल्याही असत्या. डॉक्टरांना त्याने हे कधी विचारलं नाही. उत्तराची त्याला भीती वाटत होती. एकदा त्याने नखाने रंग खरवडून बघितला. निघाला नाही. काम पक्कं होतं.

उन्हाळा लागला तेव्हा मदिनाबीच्या बोटांना खटका ओढवेना. मेहबूबने तो आणखी हलका केला, मग दोरी बांधून दिली. मग एके दिवशी ती म्हणाली, "टोचतंय."

"काय टोचतंय? रतनने एवढी जाड गादी दिलीय."

"गादी टोचत नाही. माझीच हाडं टोचतात मला. पण बसायचंय."

त्याने तिला कुशीवर वळवून पायांच्या बाजूला सरकवलं. आता ते एकट्यालाच जमत होतं. मग पाना घेतला आणि पाठीच्या तुकड्याचे बोल्ट एकेक करून काढले. हिरवी पाठ उचलून त्याने भिंतीला टेकवून ठेवली. एवढा खटाटोप केलेली ती वस्तू तिथे कुणाच्या तरी गेटचा राहिलेला तुकडा वाटत होती. रिकाम्या जागी त्याने स्टूल ओढलं, त्यावर उशी ठेवली, नाजिमाच्या मदतीने मदिनाबीला बसतं केलं आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसला. तिची पाठ आपल्या पाठीवर घेतली. नाजिमाने हळूच हात काढले.

मदिनाबी बसली. तिचं तोंड खिडकीकडे वळलेलं, त्याचं भिंतीकडे. सदऱ्यातून तिच्या पाठीचे मणके त्याला एकेक कळत होते. वजन मात्र कळत नव्हतं. करंगळीवर शटर तोलणाऱ्या माणसाला पाठीवर काहीतरी टेकलंय एवढंच समजत होतं.

"दुकान बंद दिसतंय," ती म्हणाली.

"मी इथे आहे ना."

"हो. विसरलेच."

थोड्या वेळाने गजावर काहीतरी वाजलं. उलथनं तिच्या हातात होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. एकदाच वाजलं आणि दुसऱ्यांदा वाजायच्या आधी ते तिच्या मांडीवर पडलं. तो आवाज खालच्या पायरीपर्यंतसुद्धा गेला नसता.

"आलो," मेहबूब भिंतीकडे बघत म्हणाला, आणि हलला नाही.