यादी न वाचता टाकलेलं अपडेट

मंडळी, आज डोकं लई फिरलंय.

आमच्या दूध संघाच्या सर्व्हरवर माझ्या हाताखालच्या सचिननं सकाळी सगळी अपडेट एकदम टाकली. त्यानंतर वजनकाट्याचा आकडाच सर्व्हरला दिसेना. बेंबळी गावच्या संकलन केंद्रावर बायाबाप्ये कॅन घेऊन उन्हात ताटकळले, दूध नासलं.

"काय बदलणार त्याची यादी वाचली होती का रे?"

"एवढं कोण वाचतंय, सर."

माझे वडील, अण्णा, याच संघात दूध उतरवून घ्यायचे. दुष्काळात थेंब थेंब मोलाचा, तरी प्रत्येक कॅनचा वास घेतल्याशिवाय टाकीत ओतू देत नसत. सख्ख्या भावाचा कॅनसुद्धा.

हे ऐकवून सचिनला झाप झाप झापलं. मग सर्व्हरवरची नोंद उघडली. अपडेटला मंजुरी माझीच होती, यादी न उघडता दिलेली.

घरी गेल्यावर अण्णा विचारणार, वास कुणीच घेतला न्हाय? काय सांगू, तुम्हीच बोला.