पल्याड पडलेलं गाव

फोन दुपारी आला, डबा खायच्या वेळी. ऑफिसातल्या सरांनी तो माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "कुणी सरपंचबाई आहेत. नकाशाबद्दल काहीतरी म्हणतायत. तूच बोल."

"मॅडम, तो नदीचा नकाशा तुमीच बनवला न?" पलीकडचा आवाज मोठा आणि सरळ होता.

"हो, मीच."

"मंग आमचं गाव नदीच्या पल्याड काहून टाकलं?"

मला आधी वाटलं, बाईंची काहीतरी गल्लत होतेय. नकाशा उलटा धरला असेल. मी तसं म्हणायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं. मागच्या मोठ्या पुरात त्यांच्या गावाला तिन्ही बाजूंनी पाण्यानं वेढलं होतं. लोक शाळेच्या गच्चीवर चढून बसले. औषधं आणि पाणी घेऊन निघालेली गाडी आली, पण समोरच्या काठावर येऊन उभी राहिली. कुणीतरी जुन्या नकाशावर बोट ठेवून रस्ता सांगितला होता.

"गाडी दिसून राहिली होती, मॅडम. आमी इकडून लुगडे हालवून राहिलो, ते तिकडून हात हालवून राहिले. मधात पूर्णा. आता तुमचा नवा नकाशा आला, तर त्यातबी आमी तिकडंच!"

मी म्हटलं, "बघते मी. दोन दिवस द्या." डबा तसाच झाकून ठेवला.

आमचं नकाशे बनवायचं ऑफिस अमरावतीतलं, लहानसं. चार खुर्च्या, चार संगणक, एक मोठं छपाईयंत्राचं डबडं. मी अकोल्याची. भूगोलात एम.एस्सी. करून इथं लागले होते, खोली भाड्यानं घेतली होती आणि दर शनिवारी एसटीनं घरी जायचे. त्या वर्षी आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्याचा नकाशा बनवायचं सरकारी काम आलं होतं. पूर आला तर कुठल्या गावाकडे कुठल्या बाजूनं जायचं, हे तालुक्याच्या कचेरीत भिंतीवर पाहून कळावं, एवढाच त्याचा उपयोग. छपाईआधीच्या नमुनाप्रती गावोगाव पाठवल्या होत्या आणि काही चुकलं असेल तर कळवा म्हणून आमचा नंबर दिला होता. कळवणाऱ्या या सरपंचबाई पहिल्याच.

नदी नकाशावर कशी येते, ते थोडं सांगायला हवं. मोठ्या, तपशिलाच्या नकाशापत्रकावर नदी म्हणजे जवळजवळ मांडलेल्या हजारो बिंदूंची माळ असते. ती तशीच भिंतीवरच्या लहान नकाशात उतरवली तर वळणं एकमेकांत मिसळतात आणि नदीचा नुसता शाईचा डाग होतो. म्हणून बिंदू कमी करावे लागतात. कुठले ठेवायचे आणि कुठले गाळायचे, हे संगणक एका रीतीनं ठरवतो. आमच्याकडे जी रीत आधीपासून लावलेली होती ती अशी: दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढायची, तिच्यापासून ठरावीक अंतराहून लांब गेलेले बिंदू ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे. मी तीच वापरली होती. एक बटण दाबलं होतं. रेषा सुरेख आली होती. सर म्हणाले होते, "छान, स्वच्छ दिसतेय," आणि मलाही बरं वाटलं होतं.

आता मी मूळ पत्रक खाली ठेवलं आणि माझी स्वच्छ रेषा त्यावर टाकली. सरपंचबाई बरोबर होत्या. दर्यापूरच्या बाजूला पूर्णा एक रुंद, पण फारसं आत न शिरणारं वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात त्यांचं गाव आहे. वळण ठरलेल्या अंतराच्या आतच होतं, म्हणून संगणकानं ते पुसून नदी सरळ केली होती. गाव जागच्या जागीच होतं. नदीच त्याच्या दुसऱ्या अंगानं गेली होती.

सरांनी पाहिलं. "गावाचा ठिपका जरा वर सरकव. मिलिमीटरभर. कोणाला कळणार नाही."

माझा हात माउसवर होता. खरं सांगायचं तर मी ठिपका सरकवलाही. पण मग मनात आलं, बाईंनी फोन केला म्हणून हे एक गाव कळलं. ज्यांनी नमुनाप्रत गुंडाळून कपाटावर टाकली असेल, त्यांचं काय?

मी ठिपका परत जागेवर आणला. "सर, काठावरची सगळी गावं तपासल्याशिवाय मी हा नकाशा छापायला देणार नाही."

"तीन आठवड्यांनी छपाई आहे."

"तीन आठवड्यांत करते."

"आणि रोजचं काम?"

"तेही करते."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "कर. पण मला शेवटी उत्तर हवंय. तक्रार नको."

त्या शनिवारी मी नकाशांची गुंडाळी घेऊनच एसटीत चढले. आमचे बाबा मोजणीखात्यात शिपाई होते. शेतं मोजताना साखळीचं एक टोक साहेबांकडे आणि दुसरं बाबांकडे. निम्मी नोकरी त्यांनी अशी बांध, नाले आणि नद्यांचे काठ तुडवण्यात काढली. घरी मी पत्रकं फरशीवर पसरली, तेव्हा ते चहाचा कप घेऊन शेजारी बसले.

"हे काहून सरळ केलं?"

मी रीत समजावली. सरळ रेघ, अंतर, ठेवलेले बिंदू, गाळलेले बिंदू. त्यांनी नीट ऐकलं.

"सगळीकडं एकच अंतर?"

"हो."

"तसं नसते, पोरी. सरळ बांध असला तं आमी लांबलांब मापं घेऊ. वळण आलं का साहेब म्हणे, आता पावलापावलावर घे. वळणावर कोणाचं तरी शेत असते."

शिकलेलं सगळं माझ्याकडे होतं, पण नदीच्या वळणावर कोण राहतं, हे मी संगणकाला विचारलंच नव्हतं.

रविवारी सरपंचबाईंना कळवून बाबा आणि मी त्या गावाला गेलो. मूर्तिजापुरापर्यंत रेल्वे, तिथून दर्यापूरची एसटी, आणि शेवटचं अंतर सरपंचबाईंच्या दिरानं आणलेल्या गाडीवर. बाई पन्नाशीच्या, कपाळावर घाम, हातात किल्ल्यांचा जुडगा. आधी त्यांनी आम्हाला बुद्धविहारासमोरच्या ओट्यावर बसवून पाणी दिलं. खारपाणपट्ट्यातलं गाव, पण पाणी गोड होतं. टँकरचं, असं त्यांनीच सांगितलं. मग त्या आम्हाला काठावर घेऊन गेल्या. काळ्या मातीचा काठ उभा कापल्यासारखा होता. खाली पूर्णा एवढी बारीक वाहत होती, की तिनं गाव वेढलं असेल यावर विश्वास बसू नये.

"ही अशी येते, अन् अशी फिरून जाते," बाईंनी हात रुंद कमानीसारखा फिरवून दाखवलं. "लहान दिसते न? पण आमच्यासाठी तं हीच नदी हाये."

मी जीपीएस घेऊन काठानं चालायला लागले, बाबा मागं. चिखल वाळून त्याचे खवले झाले होते, बाभळीचे काटे चपलेतून आत जात होते. पूर्ण वळण चालायला आम्हाला सकाळची दुपार झाली. माझ्या नकाशात त्याच्या जागी दोन बिंदूंमधली एक सरळ रेघ होती.

परत निघताना बाईंनी विचारलं, "मंग बदलसान न?"

"बदलणार. पण फक्त तुमचंच नाही."

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "हे बरं बोलल्या."

पुढचे तीन आठवडे मी सकाळी लवकर ऑफिसला जायचे आणि रोजचं काम सुरू होईपर्यंत दोन तास नदीला द्यायचे. दुसरी एक रीत मी शोधून काढली. तिच्यात अंतर पाहत नाहीत. शेजारशेजारच्या तीन बिंदूंचा त्रिकोण धरतात आणि ज्याचा त्रिकोण सगळ्यांत लहान, तो मधला बिंदू आधी गाळतात. रुंद वळणं तिच्यात टिकत होती. सरपंचबाईंचं गाव पहिल्याच फटक्यात आपल्या काठावर आलं. मी खुर्चीतून उठलेच. वाटलं, झालं काम.

पण मेळघाटातून उतरणाऱ्या नाल्यांवर ती रीत फसली. तिथली वळणं अरुंद आणि टोकदार. त्यांचे त्रिकोण चिमुकले, म्हणून नेमकी तीच टोकं बोथट झाली आणि टोकाशी असलेल्या वाड्या पाण्याच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. तिथं जुनीच रीत चांगली ठरत होती. मला त्या दिवशी रडू आलं. दोन आठवडे संपले होते आणि हातात उत्तर नव्हतं.

शनिवारी बाबांना हे सांगितलं. त्यांनी भिंग मागितलं, लाल पेन्सिल मागितली. "तू सांग, मी खुणा करतो." मग आम्ही एकेक गाव घेतलं. मी नाव वाचायचे, ते मूळ पत्रकावर काठ पाहायचे, मग दोन्ही रेषांवर. चुकलेल्या गावाभोवती लाल गोल. आई मध्येच येऊन म्हणाली, "जेवसान का नदीतच राह्यसान?" आम्ही जेवलो आणि परत बसलो. संध्याकाळपर्यंत मला एक गोष्ट दिसायला लागली होती. मी प्रश्न चुकीचा विचारत होते. कुठली रीत चांगली, हे विचारण्यात अर्थ नव्हता. या नकाशाला काय मोडलेलं चालणार नाही, हे आधी ठरवायला हवं होतं.

सोमवारी मी ते एका कागदावर लिहिलं. गाव आपल्या काठावर राहिलं पाहिजे. नाला नदीला जिथं मिळतो तिथंच मिळाला पाहिजे. रेषेनं स्वतःलाच कापता कामा नये. नदीची लांबी कमी होईल, ती किती झाली हे लिहून ठेवायचं. रेषा सुंदर दिसते का, हे सगळ्यांत शेवटी. प्रत्येक नदीच्या प्रत्येक तुकड्याला दोन्ही रीती लावायच्या आणि या कसोटीवर जी कमी चुकेल ती ठेवायची. गावाजवळचे आणि संगमाचे बिंदू खिळे ठोकल्यासारखे पक्के करायचे. ते कुठल्याच रीतीनं हलवायचे नाहीत.

सरांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे एक बटण नाही."

"नाही, सर."

"ज्यांनी हा नकाशा मागवलाय त्यांना हे तूच सांगायचं."

बैठक अकोल्यात होती. टेबलाभोवती सात-आठ अधिकारी, आणि बोलणारी बाई मी एकटीच. मी जुनी रेषा, नवी रेषा आणि बाबांचे लाल गोल दाखवले. ती चूक मीच केली होती, हेही सांगितलं. एक वयस्कर अभियंता शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "यातली खरी नदी कुठली?"

"एकही नाही," मी म्हणाले. "लहान नकाशात नदी खोटीच येते. कुठलं खोटं चालेल आणि कुठलं माणसाला बुडवेल, एवढंच आपण ठरवू शकतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं घड्याळ पाहिलं. दुसऱ्यानं छपाई लांबेल म्हणून कुरकुर केली. अभियंत्यांनी कागदावर सही करून तो माझ्याकडे सरकवला. "लांबू द्या," ते म्हणाले.

छपाई महिनाभर लांबली. दोन गावं शेवटपर्यंत कुठल्याही रीतीनं नीट बसली नाहीत. त्यांची वळणं मी हातानं काढली, आणि नकाशाच्या खाली बारीक अक्षरात तसं लिहिलं. सर आधी नको म्हणत होते. लोकांना वाटेल आपल्याला यंत्र चालवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकलं नाही. आता मोर्शीकडच्या भागाचं काम आलंय, नदी वर्धा आहे आणि तिची वळणं आणखी वेगळी आहेत. कसोट्यांचा कागद माझ्या टेबलावर चिकटवलेला आहे. मागच्या आठवड्यात त्यात मी एक ओळ वाढवली: शंका आली तर काठानं चालून यावं.