केस लावणारे डॉक्टर

घाटकोपरला मी ज्या दवाखान्यात झाडलोट करते, तिथले डॉक्टर मागचे केस काढून टकलावर लावतात. कुणीही आलं की तोंड न बघताच म्हणतात, "पाठ करा बघू." मागे दाट केस नसतील तर सरळ नाही म्हणतात.

काल एकजण बायकोला घेऊन आला. तिने डोक्यावरचा पदर काढला, तर मुठीएवढी जागा उजाड होती. डॉक्टरांनी भिंगातून तुटलेले केस पाहिले. "ऑपरेशन नको. ओढणं थांबलं की आपोआप येतील."

"ऐकलंस ना? तूच उपटत असशील," नवरा खेकसला.

"तिला नाही, तुम्हाला सांगतोय."

तो तिला दंडाला धरून घेऊन गेला. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"मावशी, आता घरी नेऊन मारेल ना तो तिला?"

मी हळूच हो म्हटलं.