कंडक्टरचा संशय

रामदास ओव्हाळांनी उभी हयात बसमध्ये उभ्यानं काढली. स्वारगेट डेपोच्या त्या नोकरीनं त्यांना गुडघेदुखी दिली आणि एक सवय दिली: माणूस बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायचं. तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर फार बघतो, असं त्यांचं ठाम मत होतं. निवृत्तीनंतर बस सुटली, सवय नाही सुटली. दूधवाला, मीटर बघायला येणारा, देवळाची वर्गणी मागणारी पोरं, सगळ्यांनाच ते डोळे बारीक करून बघत. "अहो, दूधवाला आहे तो," चंद्रभागाबाई म्हणत. "मागच्या दारानं उतरून पळणार नाहीये."

विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून जरा आत, त्यांची नात अक्षता जिथं नववीत शिकत होती ती प्रशाला होती. एके काळी तिथं प्रवेशासाठी रांग लागायची. आता इंग्रजी शाळांच्या पिवळ्या व्हॅन तिच्या फाटकासमोरून मुलं भरून पुढं जात, आणि तिच्या वर्गांतले मागचे बाक रिकामे राहत. हेमा जगताप नावाच्या नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी निरोप धाडला, की शनिवारी पालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एकत्र बसायचं, शाळा कशी सुधारायची ते ठरवायला. अक्षताचा बाप समाधान पहाटेच हडपसरला कंपनीत जायचा, आईची दवाखान्यात ड्यूटी. त्यामुळं निरोप आजोबांच्या वाट्याला आला.

"शाळा आपल्याला कधी बोलावते?" रामदास म्हणाले. "फी राहिली की, नाहीतर पोरगं नापास झालं की. हे गोड बोलून बोलावतायत. काहीतरी आहे."

"जाऊन बघा की मग," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "घरात बसून कोणाला पकडणार?"

ते गेले आणि हाताची घडी घालून शेवटच्या रांगेत बसले. हेमा मॅडम म्हणाल्या, "उपदेश करायला बोलावलेलं नाही. काय बिघडलंय ते तुम्ही सांगा. मुलांनीही सांगायचं." मग पुढच्या रांगेतून एक मुलगी उठली. ती अक्षताच होती हे रामदासांना आवाजावरून कळलं, कारण घरात ती एवढ्या मोठ्यानं कधी बोलत नसे.

"मॅडम, आम्ही नववीत आलो, पण मायक्रोस्कोप फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितलाय. प्रयोगशाळेला कुलूप आहे."

खोली होती, वरच्या मजल्यावर, चांगली ऐसपैस. पण कित्येक वर्षं मोडके बाक आणि जुने फलक तिथं टाकलेले होते. सभेत ठरलं, की पालकांनी खोली साफ करायची, वायरिंग करायचं. मुलांनी सामान पुसून लावायचं. आणि विज्ञानाचे हुसेन तांबोळी सर सगळ्यावर देखरेख ठेवतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामदासांनी तांबोळी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. रामदास रोजच्यासारखे दुपारी शाळेसमोरच्या टपरीवर चहा घेत होते. तांबोळी सर फाटकातून बाहेर आले. हातात लाकडी पेट्या, एकावर एक. त्यांनी त्या रिक्षात ठेवल्या आणि वरून चादर टाकली. रामदास उठून जवळ गेले.

"काय सर, सामान कुठं निघालं?"

"जरा काम आहे, काका," सर म्हणाले आणि रिक्षावाल्याला त्यांनी चलायची खूण केली.

चादर का टाकली? तोंड का चुकवलं? रामदासांच्या डोक्यात घंटी वाजली. संध्याकाळी दिगंबर लोणकर भेटले. त्यांचा मुलगा अक्षताच्याच वर्गात होता आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाचे सगळे सुविचार तेच टाकत. रामदास त्यांना म्हणाले, "मी काही म्हणत नाही. फक्त पाहिलं ते सांगतो."

पाहिलेलं एवढंसं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत ग्रुपवर ते प्रयोगशाळेचं सामान विकल्यापर्यंत पोचलं. कुणी म्हणालं सरांनी हे आधीपासून चालवलंय, कुणी म्हणालं साफसफाई त्यासाठीच काढली. मग दिगंबररावांनी लिहिलं, "या लोकांच्या हाती सामान दिलं की असंच व्हायचं."

रामदासांनी तो मेसेज चष्मा लावून पुन्हा वाचला. "या लोकांच्या." लग्न झाल्यावर ते आणि चंद्रभागाबाई पेठेत भाड्याची खोली बघायला गेले होते. मालकानं खोली दाखवली, नळ दाखवला, पाणी किती वाजता येतं तेही सांगितलं. मग आडनाव विचारलं. मग म्हणाला, खोली कालच गेली. जिना उतरताना मालकाची बायको म्हणाली होती, "या लोकांना कसं कळतं हो, कुठं रिकामं आहे ते." तेच दोन शब्द होते. आणि या वेळी ते रामदासांच्या बोलण्याला धरून आले होते.

त्यांना वाईट वाटलं. पण संशय गेला नाही. पेट्या तर गेल्या होत्या, त्या त्यांनी पाहिल्या होत्या.

अक्षतानं त्यांच्याशी बोलणं सोडलं. ताट समोर ठेवायची आणि आत निघून जायची. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय झालंय तुला?"

"आजोबा, पेट्या कुठं नेल्या ते तुम्ही सरांना नंतर विचारलं का?"

"विचारलं होतं. त्यांनी सांगितलं नाही."

"एकदा. रस्त्यावर," ती म्हणाली. "लोणकरकाकांना सांगण्याआधी परत विचारलं का?"

रामदासांनी ताट बाजूला सारलं.

त्याच सुमारास शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव आमोदराव यांचा फोन आला. ऑफिसात या, बोलायचंय. रामदास गेले. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, बशीत काजूची बिस्किटं दिली.

"ओव्हाळसाहेब, तुमच्यासारखे जागरूक पालक आहेत म्हणून शाळा टिकून आहे," आमोदराव म्हणाले. "येत्या शनिवारी परत सभा आहे, तिथं उठून पाहिलं ते सांगा. बाकी आम्ही बघतो. चौकशी होईपर्यंत तांबोळींना बाजूला ठेवू आणि प्रयोगशाळेला परत कुलूप घालू."

रामदासांनी बिस्किटाला हात लावला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही ऑफिसात त्यांना कुणी उगाच साहेब म्हटलं नव्हतं. जिथं म्हटलं, तिथं काहीतरी सही हवी असायची.

"आणि खोलीचं काय?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. "साफ झालीय आता. वायरिंगही झालंय."

"ते बघू. एक चांगले क्लासवाले विचारतायत. रिकामी ठेवून तरी काय उपयोग?" आमोदराव म्हणाले, आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडून तिकडे सरकवू लागले.

रामदासांनी त्या हाताकडे पाहिलं आणि चहा संपवून उठले.

संध्याकाळी ते तांबोळी सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीनं, रझियाबाईंनी, दार उघडलं. त्यांनी या म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. सर आतून आले.

"या, काका. चहा घ्यायला आलात की संशय घेऊन?"

"दोन्ही," रामदास म्हणाले.

सर हसले नाहीत, पण बसा म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक वर्षानुवर्षं पेटीत पडून त्यांच्या भिंगांवर बुरशी चढली होती. दुरुस्तीला न्यायची परवानगी त्यांनी आमोदरावांकडे मागितली, तर ते आज नको उद्या बघू करत राहिले. शेवटी हेमा मॅडम म्हणाल्या, घेऊन जा, मी बघते. रझियाबाईंचा भाऊ कामरान भवानी पेठेत दुर्बिणी, कॅमेरे असली भिंगाची कामं करायचा. चादर टाकली ती संस्थेच्या माणसाच्या नजरेला पडू नये म्हणून.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही संस्थेकडचे की पालकांकडचे, मला काय माहीत?" सर म्हणाले. "तुम्ही रोज फाटकासमोर बसून आत कोण गेलं, बाहेर कोण आलं ते बघता. मला वाटलं त्यांनीच बसवलंय."

आपल्यावरही कुणी नजर ठेवून असेल हे रामदासांच्या मनात कधी आलं नव्हतं.

"मला त्या पेट्या बघायच्यात," ते म्हणाले.

सरांचा चेहरा उतरला. "अजून शब्दावर विश्वास नाही?"

"सर, माझा माझ्या शब्दावर राहिलेला नाही. मी काय पाहिलं आणि लोकांनी काय केलं त्याचं. आता डोळ्यांनी बघूनच बोलेन."

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं भवानी पेठेत गेले. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. कामरानच्या लांब टेबलावर सूक्ष्मदर्शक सुटे करून मांडले होते, प्रत्येकाचे भाग वेगळ्या कापडावर. रामदासांनी प्रत्येक नळीवर कोरलेलं शाळेचं नाव बोट फिरवून वाचलं. कामरान मेहुण्याला म्हणाला, "हे कोण, पोलिस का?" तांबोळी सर म्हणाले, "पालक आहेत." आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्यांना जरासं हसू आलं.

शनिवारी हॉल भरलेला होता. आमोदरावांनी स्वतः माईक हातात घेतला आणि म्हणाले, "एका ज्येष्ठ पालकांना काही सांगायचंय." रामदास पुढं गेले.

"तांबोळी सरांना पेट्या नेताना मी पाहिलं, हे खरं," ते म्हणाले. "कुठं नेल्या ते नीट न विचारता मी बोललो, हेही खरं. सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला आहेत. मी जाऊन बघितलेत. ज्याला शंका असेल त्यानं माझ्याबरोबर चलावं." मग ते आमोदरावांकडे वळले. "आता मला एक विचारायचंय. आम्ही साफ केलेली खोली कुठल्या क्लासला द्यायचं ठरलंय?"

"विषयाला धरून बोला," आमोदराव म्हणाले.

"हाच विषय आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. ज्या बापानं वायरिंग केलं होतं तो उठला आणि म्हणाला, मलाही ऐकायचंय. मागून नववीची मुलं उभी राहिली, न सांगता, एकेक करत. आमोदराव म्हणाले, तसं काही ठरलेलं नाही, नुसता विचार होता. हेमा मॅडम म्हणाल्या, मला हे आजच कळतंय. ते खरं की खोटं, रामदासांना त्या दिवशीही सांगता आलं नसतं आणि पुढंही कधी कळलं नाही.

खोली क्लासला गेली नाही. दिवाळीनंतर सूक्ष्मदर्शक परत आले आणि नववीच्या मुलांनी पाचवीच्या मुलांना कांद्याचा पापुद्रा बघायला शिकवलं. दर शनिवारी तीन-चार पालक येऊन बसू लागले. त्यांत रामदासही असत. तांबोळी सर त्यांच्याशी बोलत, पण कामापुरतं. एकदा खोलीत दोघंच असताना रामदास म्हणाले, "सर, माझं चुकलं. माफ करा."

"मी केलं असतं, काका," सर बाटल्या लावता लावता म्हणाले. "पण माझी तरन्नुम याच शाळेत सातवीत आहे. रझियाच्या फोनवर तिनं तो मेसेज वाचला. 'या लोकांच्या' म्हणजे कुणाच्या, असं विचारते. तिला काय सांगू ते सुचवा."

रामदास दिगंबररावांच्या दुकानी गेले आणि तो मेसेज मागं घ्या म्हणाले. दिगंबरराव म्हणाले, "मी काय एकट्यानं लिहिलं? सुरुवात तुम्ही केली." आणि गिऱ्हाईकाकडे वळले. यात खोटं काही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी अक्षताला फोन धरायला सांगितला. टाइप करणं त्यांना जमत नसे, म्हणून ते पालकांच्या ग्रुपसाठी बोलले. पेठेतल्या खोलीची गोष्ट सांगितली, जी त्यांनी मुलालाही कधी सांगितली नव्हती. जिन्यावर कानावर आलेलं वाक्य सांगितलं. म्हणाले, तेव्हा मी खाली मान घालून उतरलो, आज त्याच शब्दांची सुरुवात माझ्या तोंडून झाली, तर तांबोळी सरांची आणि त्यांच्या मुलीची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. बोलताना मधेच एक वाक्य अर्धं राहिलं. अक्षतानं पुन्हा रेकॉर्ड करू का विचारलं. ते नको म्हणाले.

काहींनी हात जोडलेली चित्रं पाठवली. दोघं ग्रुप सोडून गेले. दिगंबररावांनी काहीच लिहिलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशीचा सुविचार आला नाही. तांबोळी सरांचं उत्तर बऱ्याच वेळानं आलं. एकच शब्द होता: "ऐकलं."

रामदास फोन डोळ्यांपासून लांब धरून त्या शब्दाकडे बघत राहिले. "नुसतं ऐकलं म्हणजे काय गं?" त्यांनी विचारलं. "राग गेला असं म्हणायचंय, की नाही गेला?"

"ऐकलं म्हणजे ऐकलं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "त्यात काय शोधताय? ताट वाढलंय, या."

अक्षता त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि शनिवारी लवकर निघायचंय म्हणाली. सरांनी मुलांना तळ्याचं पाणी आणायला सांगितलं होतं.