एक पेला, एक कुंडी

रांजणवाल्या मायच्या दारात पेला एकच असायचा. स्टीलचा, काठाला पोचा आलेला. तिचं घर शेलूबाजारकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून, त्यामुळे जीपवाले हमखास तिथे थांबत. एकदा कडक इस्त्रीच्या शर्टातल्या एका गृहस्थानं रांजणापाशी येऊन पिशवीतून स्वतःचा ग्लास काढला. मायनं रांजणावर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात.

"काहून बाप्पा, माह्या पेल्याले काटे हायेत काय?"

जीपमधले लोक हसले. गृहस्थानं निमूट पेला उचलला. तो पिऊन झाल्यावर माय म्हणाली, "अजून घे ना. एवढी लाज गिळली, घसा सुकला असन."

तिचा हा हट्ट कुठून आला, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी ती घागर घेऊन विहिरीपाशी नुसती उभी राहायची. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, आणि ते तिनं घागरीत झेलायचं. ओतणाऱ्याचं भांडं घागरीला लागता कामा नये. स्वतःचं घर झालं तेव्हा तिनं चुलीच्याही आधी दारात रांजण मांडला. तिच्या शेजारीच आमचं घर, तिथे चळवळीची पत्रकं गठ्ठ्यांनी येत. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. पाण्याच्या हक्काचं पत्रक आलं की मी धावत जाऊन मायला वाचून दाखवायची. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुह्या कागदात आज आलं व पोरी. माह्या दारात कवाचं हाय."

रांजणाखाली सिमेंटची एक कुंडी होती. पेल्यातून सांडलेलं पाणी तिच्यात पडायचं. शेळ्या, कुत्री, कबुतरं, सगळे तिथेच पीत. आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालवणारी मायची कोंबडी, सरपंचीण. तांबूस, एका पायानं किंचित लंगडी, अंडी देणं कधीच बंद झालेलं. शेजारी चिडवायचे, "माय, सरपंचिणीचा रस्सा कवा?" माय म्हणायची, "तुह्या तेराव्याले." हे सगळे तिरसट बोल ती सरपंचिणीच्या पाठीवरून हात फिरवत बोलायची.

मागच्या उन्हाळ्यात सरपंचीण दाणे चोचीत घेऊन खाली टाकू लागली. मायनं चोच उघडून पाहिलं. आत पिवळट, दह्याच्या कवड्यांसारखी पुटं चढली होती आणि घाण वास येत होता. मायनं तिला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं तोंड पुसलं, भाकरी कुस्करून मऊ करून भरवली. मग आम्ही टोपलीतून तिला जीपनं ढोरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता, समजूतदार होता. पुटं ओरबाडू नका, रक्त येईल, म्हणाला. औषध दिलं. आणि म्हणाला, "औषधानं बरी होईल, पण पुन्हा पुन्हा होत राहील. हा रोग बहुतेक कबुतरांकडून येतो. ती पितात त्या पाण्यातून. हिचं भांडं वेगळं ठेवा."

मायचा चेहरा दगडासारखा झाला. "वेगळं?"

"हो. एवढं केलं की झालं."

परतीच्या जीपमध्ये मी म्हटलं, "माय, हा विटाळ नाही. हा रोग आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत."

"तवाबी असंच सांगत होते," माय म्हणाली. "आमच्या हातानं रोग होते म्हणे."



औषधानं सरपंचीण बरी झाली. महिन्याभरात पुन्हा आजारी पडली. पुन्हा औषध, पुन्हा बरी, पुन्हा तीच पुटं. मायनं काय करायचं बाकी ठेवलं नाही. रोज कुंडी राखेनं घासायची, उन्हात तापवायची, दिवसातून कितीदा तरी पाणी बदलायची. पण कबुतरं कुठे थांबतात? पाणी भरलं की ती हजर, आणि त्यांच्यात मान घालून सरपंचीणही. मी कबुतरं हाकलू लागले की माय माझा हात धरायची. "पाण्यावरून कोणाले उठवू नको व."

दर खेपेला कोंबडी हलकी होत गेली. शेवटी टोपलीत काही आहे की नाही, असं वाटावं इतकी.

एके दिवशी मी गेले तेव्हा दारापाशी सरपंचीण नव्हती. आत चुलीजवळ माय तिला मांडीवर घेऊन बसली होती. समोर मायची पितळी वाटी होती. याच वाटीत ती रोज जेवताना पाणी घ्यायची. त्यात बोट बुडवून ती चोचीवर थेंब सोडत होती.

"वेगळी नाई काढली मी तिले," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "माह्या वाटीत घेतली. माह्या संगं." थेंब चोचीवरून ओघळून लुगड्यावर पडत होते. गिळायचं बळच उरलं नव्हतं. "हे मले आधी काहून नाई सुचलं व पोरी?"

सरपंचीण दुपारीच गेली. संध्याकाळी मायनं कुंडी घासली, भरली. कबुतरं आली. माय उंबऱ्यावर बसून त्यांना पिताना बघत राहिली. "त्यायचा काय गुन्हा?" एवढंच म्हणाली. गुन्हा कोणाचा, हे मी ओरडून सांगू शकते. विहिरीच्या काठावरून ओतणाऱ्या त्या हातांचा. तिच्या मनात त्यांनी 'वेगळं' हा शब्द असा डागून ठेवला, की डॉक्टरच्या तोंडून आला तरी तो तिला भाजायचा. पण हे ऐकून मायला काय मिळालं असतं?

त्यानंतरच्या हिवाळ्यात मायही गेली. रांजण आता मी भरते. पेला एकच आहे. कोणी पिशवीतून ग्लास काढला की मीही झाकण ठेवते. शेजारच्या कोंबड्या कुंडीकडे आल्या की मात्र मी त्यांना हुसकावते आणि त्यांच्या परसात ठेवलेल्या पाण्याकडे वळवते. तेच बरोबर आहे, हे मला ठाऊक आहे. तरी हुसकावताना माझा हात पाण्यावर उंच उचलला जातो, आणि तो हात माझ्यानं बघवत नाही.