अकरा विहिरींची नावं

नारायण पेठेतल्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो. छापखाना बंद झाल्यावर जे काम मिळालं, ते अजून करतो आहे. अमेरिकेत खेड्यापाड्यांचे जिल्हे आहेत, त्यांना काउंटी म्हणतात. तिथे नैसर्गिक वायूसाठी विहिरी खणायला सरकार परवाने देतं. आदल्या दिवशीचे परवाने सकाळी इथे आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर येतात. ते वाचायचे आणि तक्त्यात भरायचे. विहिरीचं नाव, जागा, खोली, जमिनीचा मालक, परवान्याची मुदत. चुकायला फारशी जागा नाही आणि रमायलाही नाही.

तिकडे विहिरीला बहुधा जमीनमालकाचं नाव देतात. ज्याच्या शेतात यंत्र उभं राहिलं, त्याचं. पुढे शेत विकलं, कंपनी बदलली, तरी विहिरीचं नाव तेच. आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, बाकी काहीही बदलेल, नावाला हात लावायचा नाही.

बायकोला या कामाची गंमत वाटायची. मी कात्रजला घरी पोचून चपला काढतो न काढतो तोच विचारायची, "काय हो, आज तुमच्या तालुक्यात किती भोकं पाडली?"

"नऊ."

"आणि आपल्या बोअरला पाणी नाही."

आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला तेव्हा अर्ज तिनंच भरला, स्वतःच्या नावानं. "फ्लॅट तुमच्या नावावर, लाइट तुमच्या नावावर. शेगडीपुढे उभी मी असते," म्हणाली. मीटर मागच्या बाल्कनीत बसला. बसवणाऱ्यानं भिंतीवर फ्लॅटचा नंबर लिहिला. तो गेल्यावर तिनं शाळेतून आणलेल्या मार्करनं त्याखाली आपलं नाव लिहिलं, फळ्यावर लिहायची तसं, गोल आणि ठसठशीत.

"हे कशाला?" मी विचारलं.

"असू दे. मीटर शोधायला बरं."

"एकच तर मीटर आहे."

"मग लवकर सापडेल."

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं आपापल्या घरी गेली आणि कागद सुरू झाले. बँक, रेशन कार्ड, सोसायटी. प्रत्येक ठिकाणी अर्ज एकाच चालीचा. वर मयताचं नाव, खाली वारसाचं, सोबत मृत्यूचा दाखला. दाखल्याच्या प्रती काढून ठेवल्या होत्या, त्या संपल्या, पुन्हा काढल्या. झेरॉक्सवाला आता तोंडानं विचारत नाही, नुसत्या चेहऱ्यानं विचारतो, पाच का दहा.

गॅसचं तेवढं राहिलं होतं. राहिलं म्हणजे मीच ठेवलं होतं. दर दोन महिन्यांनी बिल यायचं त्यावर तिचं नाव छापलेलं असायचं. तिच्या नावानं घरात येणारं दुसरं काही उरलं नव्हतं.

मुलगी नागपूरला असते. दर रविवारी फोन करते.

"बाबा, गॅसचं केलंत?"

"करतो."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालात."

"मागच्या रविवारीही करणारच होतो."

मग गॅस कंपनीचं पत्र आलं. सुरक्षा तपासणी करायची आहे, ग्राहकाची सही लागेल. ग्राहक हयात नसल्यास आधी नावबदल करून घ्यावा, अन्यथा पुरवठा थांबवला जाईल. पत्रही तिच्याच नावानं आलं होतं.

त्याच आठवड्यात ऑफिसात माझ्या हातून चूक झाली. आमची टीम लीड माझ्या मुलीच्या वयाची आहे. ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

"काका, अकरा विहिरी गायब आहेत. क्लायंटचा मेल आलाय."

"गायब कशा होतील?"

"जुन्या नावानं शोधलं तर सापडत नाहीत. तुम्ही नावं बदललीत?"

मी तक्ता उघडला. एका म्हाताऱ्या बाईंच्या जमिनीवर अकरा विहिरी होत्या, सगळ्या तिच्या नावाच्या. नव्या कागदात ती वारल्याची नोंद होती आणि दोन मुलांच्या सह्या. मी अकराही ठिकाणी तिचं नाव खोडून मुलांचं घातलं होतं. कधी केलं तेही आठवेना. वर्षभर हाताला तीच सवय लागली होती.

"बाई वारल्या," मी म्हणालो. "दाखला जोडलाय."

"अहो काका, त्या वारल्या म्हणून विहीर उठून चालली का? मालक बदलला, तो मालकाच्या रकान्यात टाकायचा. नावाला कशाला हात लावायचा? तुम्हीच तर नव्या मुलांना शिकवता हे." एवढं बोलून ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सॉरी. द्या इकडे, मी करते."

"नको. माझं मी निस्तरतो."

एकदा टाइप करून दहा वेळा चिकटवता आलं असतं. मी अकराही वेळा टाइप केलं. कधी न पाहिलेल्या बाईंचं नाव, एकेक अक्षर तपासत. मालकाच्या रकान्यात मुलं राहिली. नावाच्या रकान्यात ती परत आली. दोन रकाने वेगळे आहेत, हे मला इतकी वर्षं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गॅसच्या ऑफिसात गेलो. 'पूर्वीच्या ग्राहकाशी नाते' या ओळीपुढे पती लिहिलं आणि सही केली. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटून पाहिले.

"वर्ष झालं की. इतके दिवस काय करत होतात?"

"बिल भरत होतो."

"ते दिसतंय," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

तपासणीचा माणूस पंधरा दिवसांनी आला. त्याच्या यादीत आता माझं नाव होतं. त्यानं पाइपला साबणाचं पाणी लावून पाहिलं, मीटरचा आकडा घेतला. मग भिंतीकडे बघून हातातलं फडकं ओलं केलं.

"काका, हे जुनं नाव आहे ना? पुसून टाकतो."

"नको," मी म्हणालो. "असू दे. मीटर शोधायला बरं."

त्यानं बाल्कनीभर नजर फिरवली. "एकच तर मीटर आहे."

मी सहीसाठी पेन काढलं.